माती, पीठ आणि दर्भ : श्रावण अमावास्येतील मुलांचा वाटा

श्रावण सरताना येणारी अमावास्या मोठी संपन्न तिथी आहे. शेतकऱ्याच्या घरी तो पोळा, लेकुरवाळ्या माउलीच्या घरी ती पिठोरी, आणि वैदिकांच्या परंपरेत ती कुशग्रहणी, म्हणजे वर्षभराचा दर्भ घरी आणण्याचा दिवस. गोठा, स्वयंपाकघर आणि देवघर या तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी गडबड उडवून देणारी अशी तिथी आपल्या पंचांगात विरळाच. तिन्ही आचारांचे साहित्य पाहावे, तर ते अगदी साधे आहे. पोळ्याला माती, पिठोरीला पीठ, कुशग्रहणीला गवताची काडी. यांपैकी एकही वस्तू विकत आणावी लागत नाही, आणि तिन्ही वस्तू मुलांच्या हाताला आपणहून खुणावतात.

हे योगायोगाने झाले असेल असे मला वाटत नाही. पूर्वीच्या लोकांनी सण रचताना मुलांचा वाटा राखून ठेवला होता. तो वाटा केवळ पानात पडणाऱ्या पुरणपोळीचा नव्हता, कामाचा होता. आज मात्र बाजारातून रंगीत बैलजोडी येते, मिठाईचा डबा येतो, आणि मुलांना सणात पाहत बसण्यावाचून काही उरत नाही. म्हणून येत्या अमावास्येला घरच्या लेकरांकडून काय काय करवून घेता येईल, ते येथे सांगावे म्हणतो. त्याबरोबर माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगणार आहे, कारण ती सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

मातीचे बैल

आमच्या घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. याच तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जवळच कुंभार पिंपळगाव आहे, आणि गावाच्या नावातच कुंभार आहे. अशा या भागात मातीचे बैल विकत आणावे लागावेत, ही थोडी लाजेचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

मातीची निवड मात्र जाणतेपणाने करावी. आपल्याकडे शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याची रीत आहे. काळीची माती पिकाला उत्तम, पण बैल करण्यास वाईट. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून तिच्या बैलाच्या पाठीवर दुसऱ्या दिवशीच भेगा पडतात. त्यापेक्षा कुंभाराकडची मळलेली माती, तळ्याचा गाळ किंवा घराच्या भिंतींना वापरतात ती पांढरी माती घ्यावी. ती कुटून, चाळून रात्रभर भिजत घालावी. सकाळी तीत चिमूट चिमूट पिंजलेला कापूस मिसळून कणकेसारखी मळावी. कापसाचे धागे मातीला आतून धरून ठेवतात आणि तडा जाऊ देत नाहीत. कापूस नसेल, तर बारीक भुसा आणि मूठभर राखही चालते.

बैल घडवताना मुले पहिली चूक पायांत करतात. पाय लांब आणि बारीक केले, की धडाच्या भाराने ते वाकतात. पाय आखूड आणि जाड ठेवावेत. धडासाठी मातीचा जाड लोळा करावा, त्यातूनच मान वर ओढून काढावी, आणि वशिंड अंगठ्याने दाबून उठवावे. एखादा भाग निराळा करून जोडायचा असेल, तर दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढावेत आणि पातळ कालवलेला चिखल मध्ये लावून मग दाबावे. कोरडा सांधा वाळताच निखळतो. शिंगांसाठी मातीच घ्यावी किंवा बारीक वाळकी काटकी खोवावी. तयार बैल तीन-चार दिवस सावलीत वाळू द्यावेत. उन्हात ठेवण्याची घाई केली, की वरचा थर आधी सुकतो, आतला ओला राहतो आणि मग बैल उकलतो.

रंगांविषयी दोन गोष्टी वडीलकीच्या नात्याने सांगतो. शिंगांना हिंगूळ लावण्याची प्रथा जुनी आहे. पण हिंगूळ हा पाऱ्याचा खनिज प्रकार आहे, तो मुलांच्या हाती देऊ नये. तसेच डोळ्यांच्या जागी लाल-काळ्या गुंजा बसवण्याचा मोह होतो. आयुर्वेदाने गुंजेची गणना उपविषांत केलेली आहे, आणि लहान मूल हाती आलेली वस्तू तोंडात घालते हे सांगायला नको. म्हणून डोळ्यांना उडदाचा दाणा, अंगाला तांदळाच्या पिठीचा पांढरा हात, शिंगांना गेरू आणि कपाळाला हळद, एवढ्यावर भागवावे. जुन्या लुगड्याच्या काठाची झूल होते, वहीच्या रंगीत कागदाचे बाशिंग होते.

बैलांमागे गाडी हवी असेल, तर ज्वारीच्या कडब्यातले जाड धाट घ्यावे. त्याची साल सोलून बारीक काड्या कराव्यात, आतले भेंड बोटभर लांबीचे कापावे आणि भेंडात काड्या टोचून दांड्या, साटी, जू असे एकेक जोडत जावे. खिळा नको, डिंक नको. चाके मातीची करावीत. ती ओली असतानाच मध्ये छिद्र पाडून ठेवावे, म्हणजे आख सहज बसतो. सालीची धार बोट कापते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि जोडण्याचे मुलांवर सोपवावे.

या खेळाला केवळ बालिश समजू नये. गोदावरीच्या प्रवरा या उपनदीकाठी, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझची एक गाडी सापडली. तिला बैलजोडी जुंपलेली आहे आणि हाकणारा वर उभा आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात मातीच्या एका पेटीत देवीची मूर्ती आणि तिच्याबरोबर बैल मिळाला. तो भाजलेल्या नव्हे, कच्च्या मातीचा. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या भूमीत कुणी तरी ओल्या मातीतून वशिंड उठवले होते. आपल्या घरचे पोर ओट्यावर बसून जेव्हा तेच करते, तेव्हा ते फार जुनी ओळ पुढे लिहीत असते.

पिठाची कला

याच दिवशी माउल्या पिठोरीचे व्रत करतात. चौसष्ट योगिनींचे हे पूजन मुलाबाळांच्या आयुष्यासाठी असते. पिठाच्या मूर्तींवरून ‘पिठोरी’ हे नाव पडले. पुढे अनेक घरांत मूर्तींच्या जागी छापील चित्र आले. या व्रतातला एक प्रसंग मला फार हृद्य वाटतो. पूजा आटोपल्यावर आई नैवेद्याचे पात्र डोक्यावर धरते आणि मागे न पाहता विचारते, “अतिथी कोण?” पाठीमागे उभे असलेले मूल आपले नाव सांगते आणि नैवेद्य घेते. ज्याच्या येण्याला तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा या शब्दाचा अर्थ सांगतात. पोटचे मूलसुद्धा आपल्या घरी आलेला पाहुणाच आहे, त्याला मानाने द्यावे, हा विचार केवढ्या साध्या कृतीतून व्यक्त झाला आहे!

या पाहुण्याला त्या दिवशी स्वयंपाकघरातही बोलवावे. त्याच्या हाताला जमेल आणि त्याला गंमत वाटेल असे काम म्हणजे वळवट. मांडवाच्या घरी पूर्वी शेजारणी जमून गव्हले, नखुले, मालत्या, फणोल्या करीत. आता ती कला मागे पडली आहे. तिचा आरंभ मुलांपासून पुन्हा करता येईल.

एक वाटी बारीक रवा थोड्या दुधात घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवावा आणि मग तुपाच्या हाताने चांगला मळावा. त्याची बारीक वळी करून, अंगठा आणि तर्जनीत चिमटीने तोडत गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे वळले की झाले गव्हले. छोट्या गोळीवर नखाने दाबले की नखुले. नव्या, धुतलेल्या फणीवर दाबून गुंडाळले की फणोली. तिच्यावर उमटलेल्या रेघा पाहून मुले हरखून जातात. पाच वर्षांच्या मुलाला गव्हले साधणार नाहीत, त्याला नखुले द्यावेत. हे सारे कापडावर पसरून सावलीत कडकडीत वाळवावे. वळवट पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी करावे, म्हणजे बैल आणि वळवट एकाच ओट्यावर वाळत पडतात.

खिरीसाठी वाटीभर वळवट चमचाभर तुपावर गुलाबी परतावे, चार वाट्या उकळते पाणी घालून मऊ शिजवावे, आणि शिजल्यानंतरच वाटीभर चिरलेला गूळ घालावा. गूळ आधी घातला तर दाणा कच्चा राहतो. भांडे खाली उतरवून जरा निवल्यावर दोन वाट्या तापवून गार केलेले दूध मिसळावे. उकळत्या गुळात दूध ओतले की ते फाटण्याची भीती असते. वरून वेलदोडा आणि किंचित जायफळ. पाच-सहा माणसांना ही खीर पुरते.

दुसरा पदार्थ गूळपाण्यातल्या बैलांचा. अर्धी वाटी गूळ अर्ध्या वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. दोन वाट्या कणकेला दोन चमचे कडकडीत तुपाचे मोहन घालून, त्या गूळपाण्यात लागेल तितके घेऊन घट्ट भिजवावी. जाडसर पोळी लाटून मुलांना बोथट सुरीने तिच्यातून बैल कापू द्यावेत. कुणाचा बैल हत्तीसारखा होईल, कुणाचा शेळीसारखा. तो तसाच राहू द्यावा, दुरुस्त करू नये. काट्याने दोन-चार टोचे मारले म्हणजे ते फुगत नाहीत. मंद आचेवर खमंग तळावेत, आणि कढईजवळ मात्र मोठ्या माणसानेच बसावे.

दर्भाची दोरी

तिसरी वस्तू दर्भ. या अमावास्येला विधिपूर्वक घेतलेला दर्भ वर्षभर धर्मकृत्यांना चालतो, अशी शास्त्राची व्यवस्था आहे. नदीकाठी हे गवत उपटणे सोपे नाही. पात्याची कड इतकी तीक्ष्ण असते, की बेसावध हात लगेच चिरतो. हात न कापता जो कुश घेऊन येतो तो ‘कुशल’, अशी या शब्दाची व्युत्पत्ती साहित्यशास्त्राचे पंडित देतात. पुढे तो शब्द कोणत्याही कामातल्या निपुणाला लागू झाला. आज आपण ‘कौशल्य’ हा शब्द शाळेत, कचेरीत, सरकारी योजनांत सर्वत्र वापरतो. त्याचे मूळ एका गवताच्या पात्यात आणि ते जपून धरणाऱ्या बोटांत आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

मुलांना पात्याशी थेट झुंजायला लावू नये. मोठ्यांनी विळ्याने गवत कापून आणावे, आणि किंचित ओले करून मऊ झाल्यावर त्यांच्या हाती द्यावे. दर्भ मिळाला नाही, तर अंबाडीचा वाख घ्यावा. दोन पेड तळहातांत धरून दोन्हींना एकाच दिशेने पीळ द्यावा, आणि मग ते दोन्ही एकमेकांवर उलट दिशेने वळू द्यावेत. पेडांचा पीळ सुटू पाहतो, पण दोरीचा उलटा पीळ त्याला सुटू देत नाही. दोरी टिकते ती या परस्परविरोधामुळे. अशी वीतभर दोरी वळली, की मातीच्या बैलाला कासरा झाला, गाडीच्या जुवाला बांधणी झाली. तिन्ही वस्तू येथे एकत्र येतात. मातीचा बैल, त्याच्यापुढे पिठाचा नैवेद्य आणि त्याच्या मानेला दर्भाचा कासरा.

माझी चूक

आता ती गोष्ट. आमच्या गोठ्यातली बैलजोडी २०१३ च्या दुष्काळात दावणीवरून गेली. त्या वर्षी जालना जिल्ह्यात माणसांना प्यायला पाणी टँकरने येत होते, तेथे जनावरांना कुठून आणावे? पुढे नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली आणि नवी जोडी काही आली नाही. माझा नातू त्यानंतर जन्मला. घरचे बैल त्याने पाहिले नाहीत. पोळ्याला शेजारच्यांचे बैल तोरणाखालून मारुतीच्या देवळाकडे जाताना तो ओट्यावरून पाहतो, एवढाच त्याचा बैलांशी संबंध.

दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतः एक जोडी केली. एक बैल दुसऱ्याहून मोठा होता, आणि लहान बैलाचे एक शिंग वाळताना गळून पडले होते. मी जालन्याहून प्लास्टरची, सोनेरी शिंगांची सुबक जोडी आणली होती. पूजेच्या वेळी मी तीच पाटावर मांडली आणि त्याची जोडी उचलून खिडकीत ठेवली. “ही खेळायला असू दे,” असे म्हटल्याचेही मला आठवते. तो काही बोलला नाही.

त्या रात्री देवळात माझे कीर्तन होते. उत्तररंगाला मी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तले आख्यान लावले. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडतो. दासी रदनिका त्याला मातीची गाडी देते, ती त्याला नको असते. वसंतसेनेचे मन कळवळते. ती अंगावरचे दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे, असे सांगते. पण पुढे न्यायासनासमोर तेच दागिने मैत्रेयाच्या हातून खाली पडतात आणि चारुदत्तावरचा खुनाचा खोटा आरोप पक्का होतो. त्या सोन्याने निरपराध बापाला वध्यस्थानापर्यंत नेले. श्रोते तल्लीन झाले होते, आणि नातू पहिल्या ओळीत बसला होता.

घरी येताना त्याने विचारले, “आजोबा, सोन्याची गाडी चांगली होती, तर मग नाटकाला मातीच्या गाडीचे नाव का दिले?”

चाळीस वर्षे मी हे आख्यान सांगत आलो आहे. मृद् म्हणजे माती, शकटिका म्हणजे लहानशी गाडी, हा समास शेकडो श्रोत्यांना सोडवून दाखवला आहे. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला रस्त्यात देता आले नाही. प्रयत्नाचे माहात्म्य दासबोधात ठायी ठायी सांगणाऱ्या समर्थांच्या मुलखात राहून, मी एका मुलाचा प्रयत्न खिडकीत नेऊन ठेवला होता. घरी आल्यावर हातपाय धुतले, खिडकीतली जोडी काढली, पाट पुसला आणि ती त्यावर मांडली.

“आजोबा, पूजा तर सकाळीच झाली ना?”

“नाही रे बाळा, आता होते आहे,” मी म्हणालो. आमच्या घरच्यांनी काही न विचारता निरांजन लावून आणले. सकाळची एक पुरणपोळी शिल्लक होती, तिचा नैवेद्य दाखवला. शिंग नसलेल्या बैलाला हळद-कुंकू लावताना त्याच्या पाठीवर मुलाच्या बोटांचे ठसे उमटलेले दिसले. प्लास्टरच्या जोडीवर असे कुणाचेच ठसे नव्हते.

पोळा हा कृतज्ञतेचा सण आहे. ज्यांच्या खांद्यावर शेत उभे राहिले, त्यांना वर्षातून एक दिवस जू न ठेवता पूजावे, हा त्याचा अर्थ. आता अनेक घरांत तो खांदाच उरलेला नाही. अशा घरांतल्या मुलांना बैलाचे वशिंड कोठे असते, मान कशी वळते, पाय किती भक्कम असावे लागतात, हे कळण्याचा मार्ग त्यांच्या बोटांतूनच जातो. मातीचा बैल करताना मूल तासभर बैलाचाच विचार करीत असते; विकत आणलेली जोडी पाटावर ठेवायला क्षणही पुरतो. ज्याचा विचार केला नाही, त्याच्याविषयी कृतज्ञता कोठून यावी?

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. येत्या अमावास्येपूर्वी चार-पाच दिवस माती भिजत घाला. मुलांना ओट्यावर बसवा, हात भरू द्या, अंगण चिखलाने माखू द्या. गव्हले लहानमोठे होतील, दोरी सैल वळली जाईल, बैल वाकडा होईल. त्याला हात लावू नका. पूजेला तोच ठेवा. सण झाल्यावर ते बैल तुळशीच्या बुंध्याशी किंवा शेताच्या बांधावर ठेवावेत. पुढच्या पावसात ते पुन्हा माती होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा हातांना बोलावतात.

आमच्या घरी यंदाची माती भिजत पडली आहे. नातवाने कालच बजावले आहे, की या वेळी शिंगे तो आधी करणार आहे, आणि सांध्याला चिखल लावायला विसरणार नाही.